सव्वा रुपयाची दक्षिणा आणि हंगामाचा खर्च

निवृत्त_गटसचिव (दारव्हा, जि. यवतमाळ)

मंडळी, सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव म्हणून नोकरी केल्यामुळे कास्तकाराच्या हाती पैसा कधी येतो आणि कधी निसटतो, हे मी खातेवहीच्या बाजूने पाहिले आहे. अंधश्रद्धेचा विषय निघाला की चर्चा लगेच भोंदूबाबा, नरबळी, भानामती यांच्याकडे वळते. ते प्रकार भयंकरच आहेत, पण मला बोलायचे आहे ते रोजच्या आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या समजुतींबद्दल. त्यांच्यामुळे कोणी पोलीस ठाण्यात जात नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही, आणि तरीही त्या दर हंगामात घरातला पैसा खातात. माझे म्हणणे एवढेच आहे की भाकीत सांगणाऱ्याला दिलेली दक्षिणा हा या खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो. मोठा आकडा त्या भाकितामुळे लांबलेल्या किंवा घाईने उरकलेल्या व्यवहाराचा असतो आणि तो कोणीच कुठे मांडून ठेवत नाही.

पीककर्जाचे ‘नवे-जुने’ घ्या. जुने कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे आणि नवे उचलायचे, हा व्यवहार सर्वांना ठाऊक आहे. भरण्यासाठी लागणारी रक्कम बहुतेकांकडे नसते, म्हणून ती काही दिवसांसाठी हातउसनी किंवा सावकाराकडून उचलली जाते आणि नवे कर्ज खात्यात पडताच परत केली जाते. आता यात वारांचा नियम घाला. मंगळवारी कर्ज घेऊ नये आणि बुधवारी कोणाला पैसा देऊ नये, असे आपल्याकडे जुने लोक सांगतात. मंगळवारी कर्ज फेडणे मात्र शुभ मानले जाते. त्यामुळे सभासद मंगळवारी सावकाराच्या पैशाने सोसायटीचे कर्ज भरतो आणि नव्या कर्जाच्या कागदावर सही करायची वेळ आली की म्हणतो, “मंगळवारचं कर्ज फिटत नाही साहेब, उद्या येतो.” बुधवारी पैसे उचलतो, पण बुधवार असल्यामुळे सावकाराला देत नाही. गुरुवारी अमावस्या निघाली तर आणखी एक दिवस जातो. सावकाराचे व्याज मात्र वार पाहत नाही. २०२६ सालच्या ३१ मार्चचा वार नेमका मंगळवार, हे जाता जाता सांगतो.

त्याहून महाग पडणारा प्रकार पाडव्याचा. “नवं-जुनं पाडव्याले करू” असे म्हणणारे सभासद प्रत्येक गावात असतात. पाडवा मार्चमध्ये आला तर बिघडत नाही, पण २०२४ साली तो ९ एप्रिलला होता. मुदतीत फेडणाऱ्याचे तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचे व्याज केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे शून्यावर येते. मुदत टळली की ती सवलत जाते. दोन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे १४,००० रुपये होतात. चांगल्या दिवसाची ही किंमत आहे, आणि ती घेणारा कोणी ज्योतिषी नाही. त्या बिचाऱ्याला तर या व्यवहाराची खबरही नसते.

तिसरा प्रकार पेरणीचा. पंचांगात मृग नक्षत्राचे वाहन म्हैस किंवा हत्ती निघाले की पाऊस जोरदार येणार, म्हणून पहिल्या सरीवर पेरून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. कृषी विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर आणि जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर पेरण्याची आहे. खंड पडला आणि दुबार पेरणी आली, तर २०२५ च्या हंगामातील ९०१ रुपये पाकिटाच्या कमाल दराने पाच एकर कपाशीला लागणारी दहा पाकिटे ९,०१० रुपयांची होतात, आणि त्यात सरत्याने बी पेरण्याची मजुरी धरलेली नाही.

आपापल्या भागात असे कोणते व्यवहार चालतात, ते कृपया लिहावे. श्रद्धा असावी की नसावी, यावर येथे वाद नको.

पऱ्हाटी (राळेगाव)

सचिवसाहेब, तुम्ही पेरणीपर्यंत आलात, विक्रीचे मी सांगतो. मकर संक्रांतीला ‘संक्रांत कशावर आली’ हे पाहण्याची पद्धत आहे. देवीने ज्या रंगाचे वस्त्र नेसले असेल आणि जी वस्तू हाती घेतली असेल त्या महाग होतात, असा समज आहे. पंचांगात तेजी-मंदीचे पानही असते. ही चर्चा जानेवारीत रंगते, म्हणजे घरात वेचणीचा कापूस पडलेला असताना आणि विकावा की ठेवावा या प्रश्नाने घरमालकाची झोप उडालेली असताना.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच्या पुढच्या हंगामात आमच्या पट्ट्यात अर्ध्या लोकांनी कापूस घरातच ठेवला. माजघरात छतापर्यंत गंजी, झोपायला जागा नाही, लहान लेकरांच्या अंगाला खाज सुटून पुरळ उठलेले, आणि घरधनी मात्र “अक्षय तृतीयेपर्यंत थांबा म्हणून सांगतलं हाय” या एका वाक्यावर बसलेला. भाव चढण्याऐवजी उतरत गेला. मे-जून उजाडला तेव्हा बियाण्यासाठी पैसा हवा म्हणून तोच कापूस खेडा खरेदीवाल्याला, वजनात घट सोसून, तो सांगेल त्या भावात द्यावा लागला.

सगळा दोष संक्रांतीच्या माथी मारणे योग्य होणार नाही, हेही लिहितो. आदल्या वर्षीचा भाव डोक्यात बसलेला होता आणि मोबाइलवर ‘कापूस पंधरा हजार होणार’ असे ओरडणारे वेगळेच. माझ्या मते हे व्हिडिओवालेही जोशीच आहेत. फक्त त्यांच्याकडे नंदीबैल नाही.

कास्तकार_चिखली

सचिवसाहेब, आदराने विरोध नोंदवतो. तुम्ही नक्षत्रे आणि भविष्य एकाच पोत्यात भरली आहेत.

पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात. सूर्य मृगात दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास येतो, पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असे साधारण तेरा-चौदा दिवसांचे टप्पे ठरलेल्या तारखांनाच लागतात. म्हणजे आमच्यासाठी ती शेतीची दिनदर्शिकाच आहे. कोणत्या नक्षत्रात काय पेरावे आणि उशीर झाला तर कोणते पीक सोडून द्यावे, हे शेकडो वर्षांच्या अनुभवाने त्या नावांना चिकटलेले ज्ञान आहे आणि ते मी माझ्या आजोबांकडून शिकलो. त्याला अंधश्रद्धा म्हणणे मला पटत नाही.

दुसरे असे की वेधशाळेचा अंदाज तरी आम्हाला काय सांगतो? ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस.’ माझे शिवार त्या तुरळकात आहे की नाही, हे कोण सांगणार? आमच्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात. शेतात गोल आखून अठरा धान्ये मांडायची, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ भिजले, हे पाहून पीक-पावसाचे भाकीत सांगायचे. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. लोक दुरून येतात, व्यापारीही येतात. मी स्वतः जातो तो जत्रेसारखा, भेटीगाठी होतात म्हणून. बियाणे मी त्यावरून घेत नाही, पण जो घेतो त्याला मूर्ख ठरवण्याआधी त्याच्यापुढे दुसरे काय ठेवले आहे, तेही पाहावे.

निवृत्त_गटसचिव

कास्तकार भाऊ, नक्षत्रांबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते तुम्ही नेमके मांडले. मी नक्षत्राविरुद्ध लिहिलेले नाही, वाहनाविरुद्ध लिहिले आहे. दोहोंत फरक आहे. नक्षत्र सूर्यावर चालते, म्हणून दरवर्षी त्याच तारखांना येते आणि त्याला हवामानाचा आधार मिळतो. वाहन मात्र सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, त्या संख्येला नऊने भागून उरलेल्या बाकीवरून ठरवतात. त्यातून कधी कोल्हा, कधी बेडूक, कधी गाढव निघते. या भागाकारात समुद्र नाही, वारा नाही, ढग नाही. शिवाय निघालेले वाहन सगळीकडे एकच असते. गडचिरोलीत वर्षाला सरासरी बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो आणि दोन्हीकडे बेडूकच. भागाकार करायला हरकत नाही, पण त्यावर दहा पाकिटे मातीत टाकू नयेत.

भेंडवळबद्दल. अठरापैकी बहुतेक धान्यांचे भाकीत ‘साधारण’, ‘मोघम’, ‘काही भागात नासाडी’ अशा शब्दांत असते. असे भाकीत चुकू शकत नाही आणि म्हणूनच ते कोणाच्या उपयोगाचेही नसते. दिवाळीनंतर ते कागद काढून अठरा धान्यांपुढे काय सांगितले आणि काय पिकले, हे शेजारी-शेजारी लिहून पाहावे. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हेच आव्हान देत आले आहेत.

वेधशाळेच्या मोघमपणाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. तरीही दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो आणि पेरणी करावी की थांबावी, हे त्यात सरळ लिहिलेले असते. महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित केंद्रावर प्रत्यक्ष किती मिलिमीटर पाऊस पडला, तेही कळते. पडून गेलेला पाऊस मोजणे हे उद्याचा पाऊस सांगण्यापेक्षा सोपे आहे, आणि पेरणीला लागतो तो पडून गेलेलाच.

बैलबाजार

थोडेसे विषयाला जोडून. बैल घेताना अंगावरचे भोवरे पाहतात. भोवरा अशुभ जागी असला की दाताने, खुराने, चालीने उत्तम असलेला गोऱ्हा गावात कमी किमतीत जातो, कारण ‘धन्याला खातो’ असा समज. आमच्याकडचे एक दलाल असे बैल मुद्दाम गोळा करतात आणि जिथे भोवरे कोणी पाहत नाही अशा बाजारात पूर्ण भावाने विकतात. ज्याच्या दावणीला बैल जन्मला, त्याने तोटा सोसला. दलालाला भोवऱ्याने अजून तरी खाल्लेले नाही.

खारपाणपट्टा (दर्यापूर)

पाण्याचा विषय कोणी काढला नाही, याचे नवल वाटते, कारण एका दिवसात सर्वांत मोठी रक्कम जमिनीत घालवणारा निर्णय बोअरचाच असतो.

पद्धत सर्वांनी पाहिली आहे. पाणाड्या उताण्या तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा कडूनिंबाची दुबेळकी डहाळी दोन्ही हातांत धरून शेतात फिरतो. एका ठिकाणी नारळ उभा राहतो, तिथे खुंटी ठोकायची, उदबत्ती लावायची. पाणाड्या पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, असेल तर त्याच्यावरचा विश्वास आणखी वाढतो. तो आकडाही देतो: ‘दोनशे फुटांवर दोन इंच पाणी’. मी अशा पाहणीच्या वेळी जवळ उभा राहून फक्त हाताकडे पाहिले आहे. नारळाचे देठ बोटांच्या बाजूला असते, चालताना मनगट किंचित झुकते आणि नारळ वळतो. पाणाड्या लबाडी करत असतो, असे मला म्हणायचे नाही. बहुतेकांना स्वतःलाच कळत नसते की आपले स्नायू हलत आहेत. ज्या जागी आपल्याला पाणी असावेसे वाटते, त्या जागी हात आपोआप वळतो. जुने पाणाडे झाडोरा, उतार, नाल्याची वळणे यांचे उत्तम जाणकार असतात आणि त्यांना लागलेले पाणी त्या जाणकारीतून लागते. श्रेय मात्र नारळ घेतो.

आता जमिनीचे पाहू. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट खडक आहे, थरावर थर असलेला. पाणी वरच्या मुरुमात, झिजलेल्या थरात आणि खडकातल्या फटींत असते. वरच्या थरात बहुतेक शिवारांत थोडेफार पाणी लागतेच, म्हणून कोणाचाही नारळ काही वेळा खरा ठरतो. खाली गेल्यावर मात्र सगळे फटीवर अवलंबून असते. एक बोअर भरून वाहतो आणि त्याच्या शेजारचा धुरळा ओकतो. लागला तर पाणाड्याचे नाव होते आणि कोरडा गेला तर ‘मशीनवाल्याने खुंटी सोडून गाडी लावली’ किंवा ‘घरात सुतक होते’. मशीनवाला दोन्ही वेळा फुटाचे पैसे घेतो, केसिंगचे वेगळे.

आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात तर आणखी गंमत आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात गाळाची जमीन खोल आहे आणि खाली पाणीही आहे, पण ते खारट. त्या पाण्यावर ओलीत केले तर चोपण होऊन जमीन दगडासारखी घट्ट होते. नारळ इथे उभा राहतो, पण पाणी गोडे की खारे हे कधीच सांगत नाही. माझ्या शेजारच्या घरात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे बोअरमध्ये गेले. पाणी लागले, पेढे वाटले आणि दुसऱ्या वर्षी संत्र्याची कलमे वाळली.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथले भूवैज्ञानिक परिसरातल्या विहिरींची पातळी, खडकाचा प्रकार आणि विद्युत रोधकता मोजून जागा सुचवतात. त्यांचाही बोअर कोरडा जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ‘इथे मारू नका’ हे सांगणारे तेच असतात. पाणाड्याला ‘या शेतात पाणीच नाही’ असे म्हणताना मी कधी ऐकले नाही, कारण त्या उत्तराची दक्षिणा कोण देणार?

मास्तर_हिंगणघाट

खारपाणपट्टा यांच्या शेवटच्या वाक्यावरून वरली मटक्याचे आठवले. हा धंदा मुळात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैजा लावण्यातून वाढला, म्हणूनच अजूनही ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ म्हणतात. तेव्हा कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यांचे आणि मटक्याचे नाते तसे जुनेच.

आकडा देणारे महाराज तालुक्याच्या प्रत्येक बाजारात असतात. कोणी स्वप्नाचा अर्थ लावून आकडा काढतो, कोणी प्रेतयात्रेच्या वेळेवरून. यातली खुबी अगदी साधी आहे. ओपनला शून्य ते नऊ असे दहाच आकडे असतात. दहा माणसांना दहा वेगळे आकडे द्यावेत, म्हणजे एक जण जिंकणारच. नऊ जण लाजेने गप्प बसतात आणि जिंकलेला माणूस चौकात नारळ फोडून गावभर सांगत सुटतो. पुढच्या आठवड्यात महाराजांकडे रांग लागते. महाराजांना काहीही येत नसले तरी चालते. पाणाड्याच्या बाबतीत आणि कुंडली पाहणाऱ्याच्या बाबतीतही हिशेब हाच आहे. आपल्यापर्यंत पोहोचतात ते जिंकलेल्यांचेच किस्से.

गाडगे महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९५६ पर्यंत हा माणूस गावोगाव झाडू घेऊन फिरला आणि कर्ज काढून सण करू नका, नवसाला कोंबडे-बकरे मारू नका, हेच सांगत राहिला. त्यांचे सांगणे देवाविरुद्ध नव्हते. त्यांनी लोकांना कर्जाचा हिशेब विचारला. सचिवसाहेबांच्या धाग्याचा रोख मला तसाच वाटतो.

गटाची_ताई (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

सर्व दादा-काकांचे वाचले. तुमच्या चर्चेत कापूस आला, बैल आला, बोअर आला. घरातल्या बाईचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी बचत गटांचे काम पाहते.

गटाच्या कर्ज नोंदवहीत ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात सर्वांत जास्त वेळा ‘आजारपण’ लिहिलेले असते. सुरुवातीला मी ते वाचून पुढे जात असे, नंतर कोणता दवाखाना, कोणते औषध, असे विचारू लागले. कागदावरच्या आजारपणाच्या पोटात उतारा, लिंबू, काळी कोंबडी आणि मांत्रिकाचे एकवीसशे रुपये निघतात. लेकराला झटके येत होते, म्हणून एका ताईंनी गटातून शेकडा दोनने पैसे उचलले आणि ते अंगाऱ्यात गेले. त्यानंतर लेकराला सरकारी रुग्णालयात न्यायला गाडीभाडे हवे होते, तेव्हा पहिलेच कर्ज थकलेले असल्यामुळे गट दुसरे द्यायला तयार होईना. मांत्रिकाने पैसे खाल्ले यापेक्षाही त्याने दवाखान्याच्या वाटेचे पैसे खाल्ले, हे मला जास्त लागले.

त्या बैठकीत एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “तिले बोलू नका. तिच्या सासूनं पाठवलं होतं, तिनं नाही म्हटलं असतं तर लेकरू तिनंच मारलं म्हणाले असते.” हे वाक्य तुम्ही सर्वांनी लक्षात घ्यावे. मांत्रिकाकडे जायचे की नाही, हे ठरवणारा माणूस आणि त्याचे कर्ज फेडणारा माणूस अनेकदा वेगळे असतात. नवीन सून घरात आली आणि त्याच वर्षी बैल मेला किंवा धानावर तुडतुडे आले, तर तिचा पायगुण वाईट ठरतो. मग शांती करायची आणि त्यासाठी गहाण पडते ते तिचेच मंगळसूत्र. तोट्याचे कारण बाईच्या पायात सापडले की बियाणे, विमा, औषध फवारणी यांपैकी कशाचीच चौकशी करावी लागत नाही, ही घरातल्या कर्त्या पुरुषांची मोठी सोय आहे.

घरकुलाचेही असेच. पंतप्रधान आवास योजनेतून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत, तेही टप्प्याटप्प्याने, बांधकामाचा फोटो चढवल्यावर. एका घरात जोत्याचा हप्ता आला, पाया भरला, आणि मग कोणीतरी दार दक्षिणेला आहे म्हणून सांगितले. भिंत पाडली, दार फिरवले, विटा-सिमेंट वाया गेले. पुढच्या टप्प्याचे काम दिसेना म्हणून पुढचा हप्ता अडला, आणि पावसाळ्यात ते कुटुंब ताडपत्रीखाली राहिले. वास्तुदोष गेला असे म्हणतात.

कास्तकार_चिखली

ताई, पायगुणाचे तुम्ही लिहिले त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते आमच्याही घरांत ऐकले आहे.

सचिवसाहेबांना मात्र एक विचारतो. माणूस जोशाकडे का जातो? मला वाटते की बँकवाला ‘पाहू’ म्हणतो, कृषी सहायक ‘परिस्थितीनुसार’ म्हणतो, व्यापारी ‘बाजार ठरवेल’ म्हणतो, आणि जोशी एकटाच ‘गुरुवारी कर, चांगले होईल’ असे ठाम सांगतो. सगळे उधारीचे ओझे डोक्यावर असलेल्या माणसाला ठाम बोलणारा हवा असतो. ती गरज कशी भागवणार?

निवृत्त_गटसचिव

कास्तकार भाऊ, हा या धाग्यातला खरा प्रश्न आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मात्र काही बाबतींत ठाम उत्तर आपल्यालाच काढता येते. घरचे सोयाबीन बियाणे उगवेल का, हे जोशाला विचारण्याऐवजी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून, गुंडाळी करून, सावलीत ठेवावेत आणि आठवडाभरात कोंब मोजावेत. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. कापसाच्या बाबतीत केंद्राचा हमीभाव हंगामाआधीच जाहीर होतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा तो क्विंटलला ८,११० रुपये होता. त्याच्या खाली खासगीला विकायचे नाही आणि वर गेला की निम्मा माल काढून टाकायचा, असे वेचणीआधीच ठरवून घरच्यांसमोर लिहून ठेवावे. मग संक्रांत कशावरही येवो. पाऊस आणि आजारपण यांत असे ठाम उत्तर नसते, आणि लोक सर्वांत जास्त तिथेच फसतात, हे मी मान्य करतो.

नवीन_सभासद_वणी

नमस्कार. आमच्या मोठ्या काकांना एका माणसाने वाड्याच्या मागच्या पडीत गुप्तधन असल्याचे सांगितले आहे. पूजेसाठी काही रक्कम आधीच दिली गेली आहे आणि आता एक पायाळू मुलगा आणि मांडूळ आणायचे म्हणून मोठी रक्कम मागत आहेत. काका वावराचा तुकडा विकायच्या बेतात आहेत. पाणाड्या आणि ज्योतिषी यांच्यावर कारवाई होत नाही, असे ऐकले, मग यावर होते का?

खारपाणपट्टा (दर्यापूर)

होते, आणि उशीर करू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ज्योतिषाचा, वास्तुशास्त्राचा किंवा भूगर्भातील पाण्याबाबतचा नुसता सल्ला गुन्हा मानत नाही, हे तुम्ही बरोबर ऐकले आहे. परंतु त्याच कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये स्पष्टपणे येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

निवृत्त_गटसचिव

त्यात भर घालतो. वणीचे दादा, पायाळू मुलगा आणण्याची गोष्ट निघाली आहे, तेव्हा हा आता पैशापुरता विषय राहिलेला नाही. एका लेकराच्या जिवाला धोका आहे असे समजून आजच पोलीस ठाण्यात जा. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात, त्यांचे नाव ठाण्यात विचारा. मांडूळ हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित साप आहे, त्यामुळे तो घरात सापडला तर काकाही आरोपी होतील, हे त्यांना समजावून सांगा. आणि धन खरोखर निघाले, असे क्षणभर धरले तरी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पूजेसाठी दिलेली रक्कम मोबाइलवरून दिली असेल तर त्या व्यवहाराची नोंद काढून ठेवा, ज्या क्रमांकावरून बोलणे झाले तो पुसू नका, आणि वावराचा सौदा लिहून झाला नसेल तर काकूंना आणि चुलत भावांना सोबत घेऊन इसार घेण्याच्या आत काकांशी बोला.